बत्तीस बोर की नाइन एमएम, आणि मळ्यातलं घर

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदार दादांचं पत्र आलंय, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. गावापासून दीड किलोमीटर आत मळ्यात घर, घरात आई, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. मागच्या सीझनला पिंपळगावहून पैसे घेऊन येताना बाइकवरचे दोघं बराच वेळ त्यांच्या गाडीच्या मागं होते, ओव्हरटेक करायचे, परत मागं पडायचे, शेवटी दादा एका पेट्रोल पंपावर थांबले तेव्हा ते निघून गेले. त्यानंतर महिन्याभरात शेजारच्या वस्तीवर रात्री चोरटे शिरले आणि म्हाताऱ्या माणसाला मारलं. दादांनी रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाच्या लायसनसाठी अर्ज केला, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट काढलं, पोलीस व्हेरिफिकेशन झालं, आता लायसन हातात आहे. बोर म्हणजे नळीचं माप, तर प्रश्न असे की, दुकानदार म्हणतो ३२ बोर घ्या, मित्र म्हणतो ३२ म्हणजे फटाका, माणूस पडतच नाही, घ्यायचं तर नाइन एमएमच, आणि हवं असेल तर "एक जण आणून देतो". दुसरं, बांधावर डबे ठेवून प्रॅक्टिस केली तर चालेल का. आणि तिसरं जाता जाता, बिबट्यासाठी पण कामाला येईल ना.

दादा, मी २४ वर्षं फौजेत होतो, त्यातली बरीच हत्यारं शिकवण्यात गेली, आता देवळालीत राहतो. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं कारण भीती खरी आहे, वस्तीवर राहणाऱ्या माणसाला रात्री कुत्रं भुंकलं की काय वाटतं ते शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला नाही कळणार. म्हणून जे आहे ते सरळ सांगतो.

आधी ते "एक जण आणून देतो" वालं. त्या माणसाचा नंबर फोनमधून काढून टाका. नाइन एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोरमध्ये येतं, पीबी म्हणतात ते, फौज आणि पोलीस जी काडतुसं वापरतात ती नागरिकाला नाही असा साधा हिशोब आहे, त्याचं लायसन आपले जिल्हाधिकारी देऊच शकत नाहीत, ते दिल्लीहून गृहखात्याकडून यावं लागतं. विनापरवाना असलं हत्यार सापडलं तर आर्म्स ॲक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं, वरती १४ पर्यंत. आणि गुन्हा बाजूला ठेवला तरी ती वस्तू काय असते माहितीये का, कुठल्यातरी भट्टीवर घासून बनवलेली नळी, जिची कधी कुणी चाचणी घेतलेली नसते. नाइन एमएमच्या काडतुसात जे प्रेशर तयार होतं ते असल्या नळीला झेपलं नाही की ती फुटते, आणि फुटते तेव्हा ती तुमच्या हातात असते, तोंडासमोर. ज्याच्याकडे खरं लायसन आहे त्याने हे करावं म्हणजे पिकलेला बाग स्वतःच्या हाताने पेटवून देण्यासारखं आहे. पकडले गेलात तर लायसन पण जाईल आणि तुम्ही पण जाल, मग मळ्यात राहणार कोण, आई आणि वहिनी.

आता बोर. तुमच्या लायसनवर एनपीबी लिहिलंय, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोर, बंदी नसलेलं, तेव्हा तुमच्यासमोर सहज मिळणारे असे दोनच रस्ते आहेत, २२ किंवा ३२. ताकदीचा अंदाज यावा म्हणून ढोबळ आकडे देतो, गोळी नळीतून सुटते तेव्हाची ऊर्जा. २२ ची गोळी छोट्या नळीतून साधारण १०० ते १४० ज्यूल, ३२ रिव्हॉल्व्हरची १५० च्या आसपास, ३२ च्या पिस्तुलाची १७० च्या आसपास, आणि नाइन एमएमची ४५० ते ५००. म्हणजे तुमचा मित्र आकड्यात चुकलेला नाही, नाइन एमएम तिप्पट आहे. पण त्यावरून तो जे म्हणतो, की ३२ ने माणूस पडत नाही आणि नाइनने पडतो, ते चूक आहे. पडत तर कशानेच नाही. गोळी लागली की माणूस मागं उडून पडतो हे पिक्चरमध्ये, हातातल्या छोट्या हत्याराची कुठलीच गोळी माणसाला ढकलून पाडत नाही. माणूस थांबतो तो दोनच कारणांनी, एक तर मेंदू किंवा मणक्याला लागलं, नाहीतर रक्त जाऊन जाऊन. अगदी हृदयाला लागलं तरी मेंदूत १० ते १५ सेकंद पुरेल एवढा ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि तेवढ्या वेळात कोयता घेतलेला माणूस काय करू शकतो ते सांगायला नको. तिसरं एक कारण आहे, घाबरून थांबणं. बरेच चोर आवाज आणि हत्यार बघूनच पळतात, तिथं बोर कुठलं होतं याला काही अर्थ नसतो. पण त्याच्यावर भरवसा ठेवून प्लॅन करता येत नाही.

यावर अमेरिकेतला एक प्रसंग फौजेत आम्हाला सांगायचे आणि मी पण पुढं शिकवताना सांगायचो. ११ एप्रिल १९८६, मायामी शहर, एफबीआयचे आठ एजंट आणि दोन बँक लुटारू यांची भर रस्त्यात चकमक झाली. एका लुटारूला सुरुवातीलाच नाइन एमएमची गोळी लागली, दंडातून छातीत घुसली आणि हृदयाच्या जरा अलीकडे थांबली. जखम जीव घेणारीच होती पण तो लगेच मेला नाही, तो लढत राहिला, दोन एजंट गेले आणि पाच जखमी झाले. त्यानंतर एफबीआयने बोरवर डोकं खाजवलं, मांसाच्या जागी चाचणीला वापरतात त्या जिलेटिनमध्ये गोळी १२ ते १८ इंच आत गेली पाहिजे असं माप ठरवलं, १० एमएम आणलं, मग ४० बोर आणलं, आणि पंचवीस-तीस वर्षांनी फिरून परत नाइन एमएमवरच आले, कारण मधल्या काळात गोळ्या सुधारल्या आणि मोठ्या बोरचा धक्का एवढा की एजंट लोकांचे नेम बिघडत होते. जगातल्या सगळ्यात जास्त खर्च करणाऱ्या लोकांनी एवढा फेरफटका मारून जे शोधलं ते हेच, गोळी पुरेशी आत गेली पाहिजे आणि जिथं पाहिजे तिथं लागली पाहिजे. पहिलं काम काडतुसाचं, दुसरं तुमचं.

म्हणून माझं उत्तर, ३२ घ्या. २२ चा धक्का कमी, काडतूस स्वस्त, शिकायला उत्तम, पण रिमफायर काडतूस, म्हणजे पेटवणारी दारू बुडाच्या कडेत असते, त्यामुळे मिसफायर जास्त होतात आणि गोळी अगदीच हलकी. ज्याच्या हातात ताकद कमी आहे, वय झालंय, संधिवात आहे, त्याला मी २२ सुचवेन आणि त्यात कमीपणा नाही, हातात न पेलणाऱ्या ३२ पेक्षा नीट चालवलेलं २२ बरं. तुमचे हात बागेत काम करणारे आहेत, ३२ पेलेल.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल यावर मी तुम्हाला रिव्हॉल्व्हर सांगतो, कारण तुम्ही रोज सराव करणारे नाही. फिरणाऱ्या सिलिंडरमध्ये सहा गोळ्या, खटका-बिटका काही नाही, एखादं काडतूस फुटलं नाही तर परत ट्रिगर ओढला की पुढचं चेंबर समोर येतं. पिस्तूल, म्हणजे अशनी नावाचं मिळतं तसं ३२, त्यात मॅगझीन, स्लाइड, सेफ्टी, आणि जॅम झालं तर ते काढायची सवय हाताला पाहिजे, घाबरलेल्या माणसाच्या बोटांना ते जमत नाही. हलकं म्हणून निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर घ्यावं असं पण तुम्ही लिहिलंय. ते २०१४ ला कानपूरच्या कारखान्याने काढलं, टायटॅनियम अलॉयचं, साधारण अर्ध्या किलोचं, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. पर्समध्ये ठेवायला सोपं, पण एक गोष्ट लक्षात घ्या की हत्यार जेवढं हलकं तेवढा धक्का हाताला जास्त आणि छोट्या नळीवर नेम धरणं अवघड. घरात लॉकरमध्ये ठेवायचं असेल तर वजनाला घाबरायचं कारणच काय, थोडं जड घ्या. दुकानात गेलात की रिकामं करून मागा, सिलिंडर उघडून स्वतः बघा, मग सुरक्षित दिशेला धरून डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे मागचा घोडा आधी हाताने न ओढता, दहा वेळा ट्रिगर ओढा. आपल्याकडच्या रिव्हॉल्व्हरचे ट्रिगर जड असतात. सहाव्या-सातव्या वेळेला नळीचं टोक हलायला लागलं तर तो तुमचा खरा नेम आहे, पहिल्या वेळेचा नाही.

काडतुसं खडकीची मिळतील, बुडावर केएफ लिहिलेलं असतं, तो कारखाना १८६९ पासून चालू आहे. डब्यावरची तारीख बघून घ्या. जुनी सरावात संपवायची, नवी घरात ठेवायची. आणि ही गोष्ट खास बागायतदारांसाठी, फवारणीची औषधं, गंधक, मोरचूद ठेवता त्या खोलीत हत्यार ठेवू नका, गंज चढतो. तेल जास्त लावून काडतुसांवर पण लावू नका, तेल बुडातल्या कॅपमध्ये झिरपलं की ऐनवेळी नुसतं "टक" होतं.

बांधावर डबे ठेवून प्रॅक्टिस? नाही. अजिबात नाही दादा. २२ ची एवढीशी गोळी पण मोकळ्यात दीड किलोमीटरच्या वर जाते, तुमच्या घरापासून गावच दीड किलोमीटर आहे. बागेत पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळ्या छाटणीला असतात, वेलीच्या आड कोण वाकलंय दिसत नाही, डब्याला किंवा दगडाला लागून गोळी कुठंही उडते. निष्काळजीपणे गोळी झाडणं हा आर्म्स ॲक्टमध्ये वेगळा गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, लग्नात हवेत फायर करणाऱ्यांसाठी आणलाय पण शब्द तुम्हालाही लागू पडतात. खरी गोळी फक्त रायफल क्लबच्या रेंजवर, मागं मातीचा बांध आणि शेजारी शिकवणारा असताना.

पण खरं सांगू का, सरावातला दहातला नऊ हिस्सा गोळीशिवायच होतो आणि तो घरी होतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, दार लावलेलं, पोरं घरात नाहीत, सिलिंडर उघडून डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून पण बघायचं, मग दगडी भिंतीकडे तोंड करून डमी काडतुसं घालून ट्रिगर ओढायचा. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं, ट्रिगर पूर्ण मागं येईपर्यंत नाणं पडलं नाही पाहिजे. रोज दहा मिनिटं, तीन महिने. कंटाळवाणं आहे, मी जाणतो, पण मी ज्या ज्या पोरांना चांगलं चालवताना बघितलं त्या सगळ्यांनी हेच केलेलं. जोडीला हवं तर १७७ ची एअर पिस्तूल घ्या, २० ज्यूलच्या आतली असेल तर लायसन लागत नाही, नेम आणि ट्रिगरची शिस्त तिच्यावर छान बसते.

या सगळ्यात चार नियम, हे हाडात गेले पाहिजेत. हत्यार नेहमी भरलेलंच आहे असं समजायचं, कुणी "रिकामं आहे" म्हणून दिलं तरी. ज्याला गोळी लागलेली चालणार नाही त्याच्याकडे नळी कधीच फिरवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि समोर नक्की कोण आहे आणि त्याच्या मागं काय आहे हे कळल्याशिवाय ट्रिगर नाही. आमच्या युनिटमध्ये १८ वर्षं नोकरी झालेल्या एका चांगल्या जवानाच्या हातून सफाईच्या वेळी गोळी सुटली होती, पहिला आणि तिसरा नियम एकाच वेळी विसरला म्हणून, वाळूच्या पोत्यात गेली आणि कुणाला लागली नाही एवढंच. त्याचा तो पांढरा पडलेला चेहरा मला आजही दिसतो.

रेंजवर गेल्यावर काय करायचं. बरेच लोक २५ मीटरवर कागद लावतात, एका हाताने, श्वास धरून, आरामात. तो खेळ आहे आणि मोठा खेळ आहे, २०२४ ला पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तेव्हा आम्ही म्हातारे फौजी टीव्हीसमोर रडलो. पण तुमच्या घरात २५ मीटरची खोली आहे का? तुमचा प्रसंग तीन, पाच, फार तर सात मीटरचा असणार, अंधारात, झोपेतून उठून, चष्मा नाही, छाती धडधडतेय. घाबरल्यावर शरीर काय करतं ते माहीत असू द्या, नजर बोगद्यासारखी होते, आजूबाजूचं दिसत नाही, आवाज कमी ऐकू येतो, बोटं लाकडासारखी होतात. म्हणून दोन हातांनी धरायची सवय, जवळचं अंतर, दोन गोळ्या आणि लगेच थांबून बघणं. घरी रिकाम्या हत्याराने करताना आधी ओट्याच्या पायऱ्या वीस वेळा चढा-उतरा, धाप लागली की मग नाणं ठेवून बघा, तेव्हा कळेल आपण कुठं आहोत.

आणि अंतराबद्दल. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला डेनिस टुलर नावाचा पोलीस शिकवायचा, त्याने १९८३ ला मोजून सांगितलं की साधा धडधाकट माणूस २१ फूट दीड सेकंदात पार करतो. २१ फूट म्हणजे तुमच्या ओट्यापासून अंगणातल्या तुळशीपर्यंत. मी स्वतः हे करून बघितलंय. रिटायर झाल्यावर एका कंपनीने मला त्यांच्या कॅश गाडीवरच्या गार्डना दोन दिवस शिकवायला बोलावलं. त्यातला एक जण, चार वर्षं खांद्यावर बारा बोरची बंदूक घेऊन फिरतोय आणि एकदाही फायर केलेलं नाही, कारण कंपनीला काडतुसांचा खर्च नको. मी त्याला सांगितलं मी दहा पावलांवरून येणार आहे, तुला माहितीये मी येणार आहे, तयार राहा. बंदूक रिकामी, सगळ्यांनी तपासलेली. खांद्यावरून पट्टा निघेपर्यंत माझा हात त्याच्या छातीवर होता, आणि मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. तो बिचारा मला म्हणाला, साहेब मग मी इतके दिवस काय घेऊन उभा होतो. मला काहीच बोलता आलं नाही.

त्यावरून तुमच्या गाडीतल्या प्रसंगाकडे या. तुम्ही स्टिअरिंगवर, एक हात गिअरवर, बेल्ट लावलेला, बाइकवाला काचेला टेकून उभा. रिव्हॉल्व्हर कुठून काढणार, कसं काढणार? त्या दिवशी तुम्हाला वाचवलं ते पेट्रोल पंपाने, उजेड आणि माणसं, आणि तुमच्या डोक्याने, तुम्ही घाबरून घराकडच्या आडरस्त्याला वळला नाहीत. तेच पुढं चालू ठेवा. मागं कुणी आहे असं वाटलं तर घरी जायचं नाही, सरळ पोलीस स्टेशन नाहीतर गर्दीचा ढाबा, आणि चालत्या गाडीतून ११२ वर पोलिसांना फोन. व्यापाऱ्याला सांगा पेमेंट आरटीजीएसने टाक, थोडी कटकट करेल पण टाकेल. मजुरांच्या टोळीचा मुकादम असतो त्याच्या खात्यावर निम्मे तरी पाठवा, उरलेली रोकड लागेल तशी दोन-तीन दिवसाआड थोडी थोडी आणा, दर शनिवारी संध्याकाळी पगार हे सगळ्या तालुक्याला पाठ असतं, दिवस बदला, रस्ता बदला. बागेचा सौदा किती लाखाला झाला हे पारावर सांगू नका, पोरांना स्टेटसला टाकू देऊ नका. हे सगळं फुकट आहे आणि कुठल्याही बोरपेक्षा जास्त कामाचं आहे.

बिबट्याचं थोडक्यात. ३२ ने बिबट्या सहसा मरत नाही, जखमी होतो, आणि जखमी बिबट्या उसात शिरला की सगळ्या वस्तीचा जीव टांगणीला. जीव वाचवायला चांगल्या हेतूने काही करावं लागलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला जागा आहे, पण हत्यार त्यासाठी घेऊ नका. गोठा बंदिस्त करा, अंगणात उजेड, मुलगी संध्याकाळी एकटी बाहेर नको, आणि दिसला की वनखात्याला १९२६ वर फोन.

आता कायदा. मी वकील नाही, लायसन आलंय तर एकदा चांगल्या फौजदारी वकिलाकडे तासभर बसाच, पण मूळ गोष्ट अशी की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत, आधी ती आयपीसीत ९६ ते १०६ होती. जीवावर बेतलं किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती असली तर समोरच्याचा जीव जाईपर्यंत बचाव करता येतो, जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतर सूर्योदयाच्या आत केलेली घरफोडी यात पण तो हक्क आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क नाही, हे कलम ३७ मध्ये स्पष्ट आहे. चोर पाठ करून पळाला, ड्रिपच्या नळ्या घेऊन पळाला, मोटर घेऊन पळाला, पळू द्या. पाठीत लागलेली गोळी स्वसंरक्षण होती हे कोर्टात पटवणं फार अवघड आहे, आणि मोटरीच्या किमतीत माणूस मारला हे ओझं घेऊन झोप पण येत नाही. गोळी चाललीच तर हत्यार खाली ठेवा, ११२ ला फोन, जखमीला दवाखान्यात न्यायची व्यवस्था, जागेवरचं काही हलवायचं नाही.

लॉकर भिंतीत बोल्ट केलेला पाहिजे, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली अंगावर. "आमचा मुलगा हात लावत नाही" असं तुम्ही लिहिलंय. नऊ वर्षांच्या मुलाला घरातली प्रत्येक गोष्ट कुठं आहे ते माहीत असतं दादा, तुमचं दिवाळीचं सामान तुम्ही कुठं लपवता ते पण.

आणि एक गोष्ट लिहायला जड जाते पण लिहितो. गारपीट झाली, अवकाळी झाला, बाग गेला, कर्ज डोक्यावर, असे दिवस आपल्या जिल्ह्यात कुणाला चुकलेत. औषधाच्या बाटलीने जे होतं ते हत्याराने अजून लवकर होतं, आणि मागं फिरायला वेळ मिळत नाही. घरात कुणी खचलेलं असेल, तुम्ही स्वतः असाल, किंवा दारू वाढली असेल, तर हत्यार त्या दिवसांपुरतं लायसनवाल्या दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा, पावती घ्या आणि परत बरं वाटलं की आणा. कुणाला कारण सांगायची गरज नाही. हे मी दोन घरांत बघितलंय, म्हणून सांगतोय.

शेवटची गोष्ट तुमच्या पत्रात कुठंच नाही. लायसन तुमच्या नावावर आहे. तुम्ही बाजारात गेलात, वाशीला माल घेऊन गेलात, लग्नाला गेलात, तर घरी आई, वहिनी आणि दोन पोरं. ते रिव्हॉल्व्हर वहिनींना कायद्याने हातात घेता येत नाही. म्हणजे ज्या रात्री घर सगळ्यात जास्त एकटं आहे त्याच रात्री तुमचं हत्यार लॉकरमध्ये बंद आहे. तेव्हा घराचा बंदोबस्त असा पाहिजे की हत्यार नाहीच असं धरून पण चालेल. मागच्या दाराला आतून लोखंडी आडणा, खिडकीला गज, अंगणात सेन्सरचा लाइट आणि तो इन्व्हर्टरवर, कारण वस्तीवरची लाइट कधी जाते सांगता येत नाही. एक खोली ठरवा जिचं दार जाड आहे, रात्री काही वाजलं की चौघं त्या खोलीत, दार बंद, फोन आत, टॉर्च आत. तुम्ही घरी असाल तरी हेच, आधी माणसं मोजायची, मुलगा लघवीला उठलाय का, आई पाणी प्यायला उठलीय का, सगळे खोलीत आहेत हे कळल्यावरच हत्याराला हात. मग मोठ्याने ओरडायचं, कोण आहे, पोलिसांना फोन केलाय. बाहेर शोधायला जायचं नाही, दाराकडे तोंड करून आत थांबायचं. महिन्यातून एकदा पोरांसकट ही रंगीत तालीम करा, खेळ म्हणून करा, आठ-दहा मिनिटं लागतात.

आज रात्री जेवताना वहिनींना एवढंच विचारा, मी नसताना कुत्रं भुंकलं तर तू पहिला फोन कुणाला लावतेस. जे नाव सांगतील त्या माणसाशी उद्या जाऊन बोला, तो रात्री फोन उचलतो का, त्याला यायला किती मिनिटं लागतात ते विचारा, आणि तो नंबर ११२ च्या खाली त्या जाड दाराच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रिव्हॉल्व्हर पुढच्या आठवड्यात घेतलंत तरी चालेल.